डावं विद्यापीठ, उजवं विद्यापीठ

आरमोरीच्या बाजारात बैल घ्यायला आलेली माणसं बैलाचे दात पाहायची. माझा बा मालकाचे दात पाहायचा. मालक हसला की बा त्याच्या तोंडाकडे असा टक लावून बघे, की बा समोरून येताना दिसला की तोंडावर दुपट्टा धरायची पुष्कळांना सवयच लागली होती. "बैल खोटं बोलत नाई. खोटं बोलते तो मालक," हे त्याचं म्हणणं. आजूबाजूच्या बारा गावांत बाला विचारल्याशिवाय कोणी जोडी घेत नसे. आणि ऐकणार असाल तर सांगतो, एकदा त्याने नुसत्या खुराच्या ठशावरून बैलाचा रंग, बैलाचं वय आणि बैलाच्या मालकाचं सासऱ्याशी असलेलं भांडण, अशा तिन्ही गोष्टी बरोबर सांगितल्या होत्या. ठसा आदल्या दिवशीचा होता, हेही सांगून ठेवतो.

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि मला बैलातलं ओ की ठो कळत नसे. मला झाडातलं कळे. लहानपणापासून जंगलात इतका हिंडलो होतो, की साग मला बघून पानं हलवत आणि अस्वलं वाट सोडून बाजूला उभी राहत. नागपुरास जाऊन विज्ञानाची पदवी घेतली आणि परत येऊन अर्ज करत बसलो. स्वराज्य नवं होतं. सरकारला जंगलं राखायला शिकलेली माणसं हवी होती. मला विलायतेत जाऊन वनशास्त्र शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. अट एकच : विद्यापीठ मी निवडायचं आणि होळीच्या आत सरकारला कळवायचं. नाही कळवलं तर शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या माणसाला.

मी दोन विद्यापीठांना अर्ज धाडले होते. एक तरी "नाही" म्हणेल असा माझा हिशेब. दोन्ही "ये" म्हणाली.

आमचा टपालवाला आरमोरीहून पायी यायचा. वाटेत वाघ भेटला तर थैली उघडून त्याचं काही पत्र आहे का ते बघायचा, असं तो स्वतःच सांगत असे. त्याने ती दोन पाकिटं एकाच दिवशी आणली. आणि काय सांगू, सख्ख्या जुळ्या भावांतही इतकं साम्य नसतं. तोच पांढरा लिफाफा, तेच तिकीट, आत तोच जाड कागद. मजकूरही तोच : तीन वर्षांचा अभ्यास, राहायला वसतिगृह, शहराजवळ नदी, हवा सौम्य. सह्या अशा, की शाईत बुडालेली गोम कागदावरून घरी गेली असावी. दोन्ही कागदांच्या माथ्यावर पुस्तक धरून बसलेला सिंह. फरक म्हणाल तर इतकाच, की एका पत्रावरचा सिंह डावीकडे बघत होता आणि दुसऱ्यावरचा उजवीकडे.

मायनं दोन्ही पत्रं देवाच्या कोनाड्यात दोन बाजूंना ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून एकाचं नाव पडलं डावं आणि दुसऱ्याचं उजवं. इंग्रजी नावं गावात कोणाच्या जिभेवर बसेनात आणि जोडीतल्या बैलांना आम्ही तसंच ओळखतो. आता डाव्याला जायचं की उजव्याला, एवढाच प्रश्न उरला होता.

मी बाला म्हणालो, "बा, चिठ्ठी टाकतो. जे निघंल तिथं जातो."

बा गोठ्यात म्हाताऱ्या बैलाची पाठ खरारत होता. हात न थांबवता म्हणाला, "चिठ्ठी टाकून कोनी बैल घेते का गा?"

"दोन्ही सारखेच आहेत तर काय करू?"

"सारखं काहीच नसते. दोन बैल एका गाईचे असले तरी एक चिखलात पाय घालते, दुसरा घालत नाई. तू मले एक फरक सांग. मंग डाव्याले जा, उजव्याले जा, मी नाई म्हननार नाई. पन ज्याले दोन बैलातला फरक नाई समजत, त्याले सात समुद्रापार सोडू काहाले? तिकडं त्याले कोनीही फसवंल."

बाने एकदा बोललं की ते चुन्यात बांधलेल्या भिंतीसारखं घट्ट. बाचा "हो" हवा होता, नाहीतर बोटीवर पाय ठेवायची माझी छाती नव्हती, शिष्यवृत्ती असो की नसो. म्हणजे मला होळीच्या आत एक फरक शोधायचा होता. एकच!

आधी गुरुजींकडे गेलो. गावच्या शाळेचे हे जुने हेडमास्तर. मला मुळाक्षरं त्यांनीच शिकवली आणि वेताची छडीही त्यांनीच. त्यांनी शाळेतला जगाचा नकाशा काढला, चष्मा पुसला, विलायत शोधली आणि करंगळीचं नख टेकवलं. त्या एका नखाखाली दोन्ही विद्यापीठं, दोन्ही नद्या आणि मधली सगळी शेतं झाकून गेली.

"हे पाहा," गुरुजी म्हणाले, "आरमोरी अन् ब्रह्मपुरी समज. मध्ये काय, एक नदी."

"मग फरक काय, गुरुजी?"

गुरुजींनी दोन्ही पत्रं उन्हाला धरून पाहिली, वास घेतला, स्वल्पविराम मोजले. शेवटी न्याय दिला : "डाव्याच्या पत्रात तीन स्वल्पविराम जास्त आहेत. विद्वत्ता तिकडं आहे."

मी बाला जाऊन सांगितलं. बा म्हणाला, "शिंगाले रंग लावला म्हनून बैल वाढत नाई."

पण गुरुजींचा निकाल गावात फुटला आणि गावाचे दोन तुकडे झाले. डावेवाले आणि उजवेवाले. डाव्याकडे गुरुजी आणि शाळेत गेलेली माणसं. उजव्याकडे उरलेलं गाव, कारण गुरुजींच्या छड्या सगळ्यांनी खाल्ल्या होत्या. दोन साडू एका पंगतीत बसेनात. एका घरी साखरपुडा होता, तिथे व्याह्याने पानसुपारी हातात घेऊन आधी विचारलं, "तुमी डावे की उजवे?" मी रस्त्याने निघालो की बायका दारातून विचारायच्या, "ठरलं का गा बाबू?" मी म्हणायचो, "नाई." मग त्या माझ्यासमोरच ठरवून टाकायच्या.

शेवटी पंचांनी तोडगा काढला. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की शंकरपट भरतो : शेजारी शेजारी दोन वाटा, दोन हलके छकडे, दोन बैलजोड्या, आणि भोवती चार कोसांवरून आलेली माणसं. त्या वर्षी एका जोडीचं नाव ठेवलं डावं विद्यापीठ आणि दुसरीचं उजवं विद्यापीठ. जी जिंकेल तिथं पोरगं जाईल. बा म्हणाला, "पळा बापा. पळाले कोन नाई म्हनते?" बोलताना मिशीत हसला.

माणसं तर इतकी आली, की चिवड्याच्या दुकानाजवळ उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचा माणूस दिसायला दोन दिवस लागले असते. झेंडी पडली. दोन्ही विद्यापीठं उधळली! धुरळा असा उठला की वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीच्या लोकांनी दुपारीच दिवे लावले. मी देवाचं नाव घेत होतो, पण कोणत्या जोडीसाठी ते मलाच कळत नव्हतं. निम्म्या वाटेपर्यंत शिंगाला शिंग. आणि तिथे उजव्या जोडीला बांधालगतची डाळीची लाखोरी दिसली. हिरवीगार, फुलावर आलेली. उजवं विद्यापीठ वाट सोडून लाखोरीत शिरलं. आता डावं जिंकणार म्हणून गुरुजींनी टोपी उडवली, तोच डाव्यानं वळून पाहिलं, आपला भाऊ काय खातो आहे ते ओळखलं, आणि छकड्यासकट त्याच्यामागे गेलं. हाकणारे ओरडत राहिले, शेपट्या पिळत राहिले. दोन्ही विद्यापीठं खांद्याला खांदा लावून लाखोरीत चरत उभी!

लाखोरीवाल्याने दोन्ही विद्यापीठांना ज्या शिव्या दिल्या, त्या अजून कुठल्याही विद्यापीठाला मिळाल्या नसतील.

बा माझ्याशेजारी उभा होता. म्हणाला, "सांगतलं होतं तुले."

"तू तर म्हणालास, सारखं काहीच नसते. हे तर सारखेच निघाले."

"बैल सारखे निघाले. विद्यापीठ तू कुठी पाह्यलं अजून?"

पौष सरायला आला तरी फरक सापडेना. मी जेवता जेवता सिंहांची तोंडं बघत बसे. माय वरण वाढायची, तिकडे माझं लक्ष नसे. एकदा तर डाळीच्या वाटीत बोट बुडवून मी पाटावर तिसरा सिंह काढला, समोर बघणारा.

अशात जंगलातल्या गावाचे पाटील आमच्याकडे आले. गोंडांचं गाव ते, आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पाटील आणि बा यांचा दोस्ताना जुना. दोघांनी तरुणपणी सागाची लाकडं गाड्यांवर लादून मिळून वाहिली होती. पाटील बोलायला कंजूष. बांबूची गाडी अंगणात सोडली, "जोहार भाऊ" म्हणाले, आणि पाणी पिऊन होईस्तोवर दुसरा शब्द नाही. बाने त्यांना सगळी हकीकत सांगितली. मी कोनाड्यातून दोन्ही पत्रं आणून त्यांच्या हातात दिली. पाटलांनी ती उलटी धरून बराच वेळ पाहिली.

"भाऊ," ते बाला म्हणाले, "तुमी साग तोडता तवा काय करता?"

"काय करतो म्हंजे? कुऱ्हाडीच्या मागच्या तुंब्यानं ठोकून पाहतो. पोकळ असंल तं आवाज देते."

"हां. झाडाचं साल पाहून तोडत नाई. मंग इतके दिवस साल काहाले पाहून राह्यले?" त्यांनी पत्रं माझ्या मांडीवर ठेवली. "ठोका. आवाज ऐका."

बा ताडकन उठला. बाची ही उठायची तऱ्हा मला माहीत होती. बाजारात बैल पसंत पडला की तो असाच उठायचा.

"कागद काढ," तो मला म्हणाला.

आता इथे आमच्याकडच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. बैलाबद्दल बैलाच्या मालकाला कधी विचारायचं नाही. त्याच्या शेजारी ज्याचा बैल बांधला आहे, त्याला विचारायचं. मालक आपल्या बैलाची आरती गातो, पण शेजाऱ्याच्या बैलाबद्दल कधी ना कधी खरं बोलून जातो. बाने विलायतेचा बाजार याच रीतीने करायचं ठरवलं. दोन पत्रं लिहायची. डाव्याला विचारायचं उजवं कसं आहे, आणि उजव्याला विचारायचं डावं कसं आहे!

मी कागद खाली ठेवला. "बा, असं कोणी विद्यापीठाला विचारत नाही. ते रागावतील. दोघंही नाही म्हणतील."

"रागावला तं समजंल ना, पोकळ हाये म्हनून. लिही. 'रामराम. माह्या पोराले तुमच्या शेजारच्या गोठ्यातूनही बोलावनं आलं आहे. तो गोठा कसा हाये ते खरं सांगा. आपल्या गोठ्याची तारीफ करू नोका, ते आमाले मागच्या पत्रात समजलं. पोरगं बिमार पडलं तं पानी कोन पाजते तेही लिहा.'"

चुलीपाशी बसून ऐकणारी माय तिथूनच म्हणाली, "भात भेटते का ते विचार."

"भात भेटते का ते लिही."

मी इंग्रजीत लिहिताना गोठ्याचं 'संस्था' केलं, रामरामचं 'आदरणीय महोदय' केलं, आणि पाण्याची व भाताची गोष्ट गुपचूप गाळली. लाज वाटत होती हो! मग बा म्हणाला, वाचून दाखव. मी वाचत गेलो आणि मराठी सांगत गेलो. बा बोटांवर मोजत ऐकत होता.

"मी पाच गोष्टी सांगतल्या. तुनं तीनच लिहिल्या."

"बा, इंग्रजीत थोडक्यात येतं."

"पानी इंग्रजीत सुकते का?"

पाटील पहिल्यांदा हसले. मी पाणी लिहिलं, भात लिहिला. खाली माझी सही केली. बाने माझ्या सहीशेजारी आपला अंगठा उमटवला, चांगला शाईने भरभरून, दोन्ही पत्रांवर. "खातरी पटली पाह्यजे, बापानं विचारलं म्हनून," तो म्हणाला. त्या अंगठ्याएवढा मोठा अंगठा तोवर विलायतेत गेला नव्हता, एवढं मी पैजेवर सांगतो.

पत्रं गेली. माघ सुरू झाला, मोहाला कळ्या धरल्या, मी टपालवाल्याची वाट बघत आरमोरीच्या रस्त्यावर इतक्या फेऱ्या मारल्या की तिथे गाडीरस्त्याला समांतर एक पायवाट पडली. लोक अजून ती वापरतात. होळीला आठ दिवस राहिले. पोरं लाकडं चोरायला लागली. आणि एका सकाळी टपालवाला दुरूनच ओरडत आला, "दोन्ही सिंह आले, दोन्ही सिंह आले!"

अंगणात गाव जमलं. गुरुजी खुर्ची घेऊन पुढे. पाटीलही नेमके त्याच दिवशी चारोळी विकायला आले होते. मी डाव्याचं पत्र फोडलं. टंकलेखन केलेलं, देखणं. शेजारची संस्था अत्यंत नावाजलेली आहे. तिथला वनशास्त्राचा विभाग उत्तम आहे. आपले चिरंजीव तिथे गेले तरी आम्हाला आनंदच वाटेल. वसतिगृहात सर्व सोयी समाधानकारक आहेत.

"वा!" गुरुजी म्हणाले. "मनाचा मोठेपणा पाहा!"

"पानी?" बाने विचारलं.

"सर्व सोयी समाधानकारक, बा."

"हूं. दुसरं फोड."

उजव्याचं फोडलं. तेच टंकलेखन. शेजारची संस्था अत्यंत नावाजलेली आहे. तिथला विभाग उत्तम आहे. आपले चिरंजीव तिथे गेले तरी आम्हाला... माझा आवाज खाली खाली जात गेला. शेजाऱ्याला विचारलं, तर शेजारीही एकमेकांची आरती गात होते! मायने पदर तोंडाशी नेला. आठ दिवस उरले होते आणि माझ्या हातात फरक नव्हता.

पण उजव्याच्या कागदावर खाली, टंकलेखन संपल्यावर, पेनाने काहीतरी खरडलं होतं. बारीक, तिरकं अक्षर.

"काय लिहिलं आहे?" बा पुढे झाला.

मी एकेक ओळ लावत वाचलं : "आपण खरं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या वसतिगृहाचं छप्पर उत्तरेला गळतं, तिसऱ्या खाटेवर. भिंतींना ओल येते. भात फक्त गुरुवारी असतो, तोही दुधात साखर घालून शिजवलेला, त्याबद्दल क्षमा करा. विद्यार्थी आजारी पडला तर वसतिगृहाच्या बाई पाणी आणून देतात आणि मग रागावतात. शेजारचं वसतिगृह कोरडं आहे."

"बघा!" गुरुजी खुर्चीतून उठले. "स्वतःच कबूल करतात. छप्पर गळते! ओल! झालं, डावं!"

बा गोठ्याकडे गेला आणि आपल्या म्हाताऱ्या बैलाजवळ उभा राहिला. गाव त्याच्यामागे गेलं. बाने बैलाच्या वशिंडावर हात ठेवला.

"हा घेतला तवा याचा मालक काय म्हने ठाऊक आहे का, गुरुजी? मी काही विचारलं बी नव्हतं. तो म्हने, भाऊ, याले एक खोड आहे, हा चिखलात बसते. बाजार हासला त्याले. मी तिथंच दोरी हातात घेतली. चौदा पावसाळे झाले. बसला का चिखलात? बसला. तीनदा बसला. पन दुसरी खोड नाई निघाली, कारन सांगनाऱ्यानं सगळं सांगतलं होतं. ज्याची खोड मालक सांगते, त्याची खोड तेवढीच असते. ज्याची नाई सांगत, त्याच्या खोडी मोजायले मानूस लागते."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हा घे फरक. उजव्याले जा."

पाटलांनी फक्त मान हलवली. "आवाज आला," ते म्हणाले. आणि माय? मायला छपराशी काही देणंघेणं नव्हतं. ती शेजारणीला सांगत होती, "अवं, दर गुरुवारी खीर करते, अन् वरून माफी मागते! किती मोठ्या मनाचं घर असंल ते!"

होळीला गावाने दोन्ही तट विसरून माझ्यावर इतका पळसाचा रंग ओतला, की मी नागपूरला सरकारी कचेरीत उजव्याचं नाव द्यायला गेलो तेव्हाही माझे कान केशरी होते.

पावसाळा सरला तसा मी निघालो. नावेने वैनगंगा ओलांडली आणि ब्रह्मपुरीला छोट्या रेल्वेगाडीत बसलो. मायने बरोबर लाखोरीची डाळ, मुरमुऱ्याचे लाडू आणि एवढं तांदळाचं गाठोडं दिलं, की मुंबईत बोट त्या बाजूला थोडी कलली. कप्तानाने मला दुसऱ्या बाजूला झोपायला सांगितलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. उजव्या विद्यापीठाने मला तिसरी खाट दिली. छप्पर गळत होतं, अगदी लिहिल्याप्रमाणे, उशीवर. भिंतींना ओल होती. गुरुवारी खीर होती. मी सहा वाट्या खाल्ल्या आणि सातवी मागितली, तेव्हा स्वयंपाक्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तोवर कोणी दुसरी मागितली नव्हती. डिसेंबरात मला ताप आला. वसतिगृहाच्या बाईंनी पाणी आणून दिलं, आणि मग ओल्या डोक्याने बर्फात हिंडल्याबद्दल मला असं रागावल्या की ताप घाबरून गेला. मला वाटलं, आपली मायच इंग्रजी शिकून आली की काय.

ताप गेल्यावर मी विद्यापीठाच्या कचेरीत, ते पेनाने लिहिणारा माणूस शोधायला गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक किरकोळ, लाल नाकाचा म्हातारा कारकून. त्याच्या मागच्या भिंतीवर टाचणीने आमचं पत्र लावलेलं. बाचा अंगठा दारातूनच ओळखला मी!

"तो तुम्ही?" म्हाताऱ्याने चष्मा काढला. "पण तुम्ही आलात कसे?"

"तुमचं पत्र वाचून."

"अहो, ते मी तुम्ही येऊ नये म्हणून लिहिलं होतं! यंदा आमच्याकडे खाटा कमी होत्या. वाटलं, छप्पर, ओल, भात असं सगळं सांगितलं तर हा मुलगा शेजारी जाईल आणि माझं एक काम वाचेल."

मी तिथेच इतका हसलो, की वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी वर्ग थांबवला. म्हाताराही हसायला लागला. पुढे तीन वर्षं तो दर गुरुवारी आपली खीर मला देत असे, शिक्षा म्हणून.

डावं विद्यापीठही मी एकदा रविवारी बघून आलो. तीच नदी, तोच दरवाजा, तेच वर्ग. वसतिगृहही गळत होतं, फक्त पाचव्या खाटेवर. सिंह तेवढा दुसरीकडे बघत होता.

हे काही मी घरी कळवलं नाही. बाने आपल्या पारखीवर मला सोडलं होतं. ती पारख चुकीच्या कारणाने बरोबर निघाली, असं बापाला कोणत्या तोंडाने लिहायचं? पत्रात मी इतकंच लिहायचो : छप्पर गळते, बाकी बरं.

तीन वर्षांनी परत आलो. आरमोरीचा बाजार होता. बा मला घेऊन गेला. बाजारात सगळ्यांना सांगत सुटला होता, "हा माहा पोरगा, उजव्याचा." दुपारी सावलीला बसलो, बा तंबाखू मळत होता. आता सांगून टाकावं म्हणून मी म्हणालो,

"बा, त्या कारकुनानं आपली खोड खरेपणानं नव्हती सांगितली. मी येऊ नये म्हणून सांगितली होती. त्याच्याकडे जागाच नव्हती."

बाने तंबाखू ओठाखाली ठेवली.

"मले ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? कसं?"

"अरे, ज्याले बैल विकायचाच नाई, तोच त्याची खोड मोठ्यानं सांगते. अन् ज्याले विकायचा नाई, त्याचाच बैल घ्यावा. आपल्या म्हाताऱ्या बैलाचा मालक बी तसाच होता. रडत होता दोरी सोडताना."

"मग तेव्हा गुरुजींना सगळं वेगळंच काऊन सांगितलंस?"

"गुरुजींनं बी मले पुष्कळ गोष्टी वेगळ्याच सांगतल्या आहेत."

आणि बा हसला. मोठ्याने, तोंड उघडून, आजूबाजूचे बैल माना वळवून बघतील असा. त्याला खरंच ठाऊक होतं, की आत्ताच सावलीत बसून त्याने हे जुळवलं? मी आयुष्यात पहिल्यांदा बाच्या धंद्यातली युक्ती वापरली. पुढे वाकून मी त्याचे दात पाहिले.

बाने पटकन तोंडावर दुपट्टा धरला.